वर्तन विश्लेषणाने शाळा चालवायची, तर आधी कुणाचं वर्तन बघायचं?

खडूफळा: बारा वर्षं मुख्याध्यापिका आहे. सातवीतला एक मुलगा सारखा वर्गाबाहेर उभा दिसायचा. "कितीही शिक्षा करा, फरक नाही," असं शिक्षक सांगायचे. पंधरा दिवस नुसती नोंद ठेवली: कोणता तास, आधी काय घडलं, नंतर काय घडलं. जवळजवळ दर वेळी गणिताचाच तास. फळ्यावर अपूर्णांक आले की हा दंगा करणार, बाहेर जाणार. आम्ही ज्याला शिक्षा म्हणत होतो ती त्याची सुटका होती! अपूर्णांक मुळापासून शिकवले, अडलं की मदत मागायला शिकवलं. बाहेर उभं राहणं कमी होत गेलं. वर्तनाच्या आधी आणि नंतर काय घडतं ते बघून वर्तन बदलायचं, हेच वर्तन विश्लेषण. शाळा चालवायला हेच शास्त्र हवं, आणि ते आधी मोठ्यांना लावावं असं माझं ठाम मत आहे.

टाचण: एका मुलाचं पटलं. शाळाभर लावलं की मात्र या शास्त्राचं रूप वहीतल्या चांदण्या आणि बक्षिसं एवढंच उरतं. 1973 मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी चित्रांची आवड असलेल्या लहान मुलांना आधी कबूल करून प्रशस्तिपत्रं दिली. पुढे मोकळ्या वेळात ती मुलं चित्रांकडे कमी वळली.

खडूफळा: त्याच प्रयोगात ज्यांना प्रशस्तिपत्र अचानक मिळालं, त्यांची आवड घटली नव्हती. आणि अपूर्णांकांची आवड या मुलाला होतीच कुठे?

शेवटचा बाक: मी शिक्षक आहे. माझी हरकत वेगळी आहे. 1972 मध्ये विनेट आणि विंकलर यांनी याच विषयाच्या नियतकालिकात लिहिलं होतं, की वर्गातले हे प्रयोग मुलांना स्थिर, गप्प आणि आज्ञाधारक करण्यातच अडकलेत. आधीच्या शाळेत आमचे मुख्याध्यापक खिडकीतून डोकावून वर्ग शांत आहे का, तेवढंच बघायचे. मी गटचर्चा घेणं सोडून दिलं.

खडूफळा: सर, मी तेच म्हणतेय. त्यांच्या डोकावण्याने तुमचं वर्तन बदललं. मॅडसन आणि सहकाऱ्यांनी 1968 मध्ये दाखवलं होतं, की शिक्षक "खाली बसा" जास्त वेळा म्हणाले तेव्हा उठणारी मुलं वाढली. म्हणून आम्ही वर्गांच्या नोंदींचा जो तक्ता ठेवतो, त्यावर शांतता नाहीच. मुलांनी किती प्रश्न विचारले, ते मोजतो.

टाचण: प्रश्न मोजायचे हे कुणी ठरवलं? मुलांना विचारलंत?

खडूफळा: नाही विचारलं. तक्ता ठरला त्या बैठकीत एकही मूल नव्हतं. ही चूक मान्य. पुढच्या बैठकीला मुलांना बोलावते.