मदत हवी आहे: १९७१ च्या युद्धात आजोबांची पलटण कुठे होती, कसं शोधू?

सूरज_माणदेश: माझे आजोबा ७१ च्या लढाईत होते, मराठा पलटणीत. रविवारी वर्षश्राद्ध आहे, पंचक्रोशीतले माजी सैनिक येणार आहेत. त्यांना वाटायला पानभर मजकूर छापायचाय. आजोबा सांगायचे, ढाक्याच्या वाटेवर एका पुलाजवळ छत्रीवाले जवान (विमानातून छत्रीने उतरणारे) भेटले आणि ते मराठीत बोलत होते. चुलते म्हणतात, छत्रीवाल्यांत मराठे कुठून येणार, हे छापू नकोस. नेटवर जिथे तिथे शरणागतीचा तोच फोटो मिळतोय. लवकर सांगा, प्रेसवाला उद्या मजकूर मागतोय.

कृष्णाकाठ: कितवी मराठा? सैनिक नंबर? डिस्चार्ज बुक आहे का? मराठा लाइट इन्फंट्रीच्या पुष्कळ पलटणी आहेत, सगळ्या काही ढाक्याच्या वाटेवर नव्हत्या.

सूरज_माणदेश: नंबर माहीत नाही. बुक सापडत नाही. पदकं आहेत.

कृष्णाकाठ: मग कोणती ते लिहा ना! पूर्व आघाडीवाल्यांना 'पूर्वी स्टार' नावाचं पदक मिळालं, पश्चिमेकडच्यांना 'पश्चिमी स्टार'. स्टार उलटा करून मागे काय कोरलंय ते बघा.

अभ्यासू_मनोज: आधी पार्श्वभूमी नीट लिहा, नाहीतर मजकुराला अर्थ नाही. २५ मार्च १९७१ ला पाकिस्तानी लष्कराने ढाक्यात कत्तल सुरू केली, सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. तरी आपण लगेच उतरलो नाही. पावसाळ्यात तिकडच्या नद्या समुद्रासारख्या होतात, आणि हिमालयातल्या खिंडी बर्फाने बंद झाल्या की चीनची धास्ती कमी होते. लष्करप्रमुख माणेकशांनी हे आधीच बजावलं होतं. ९ ऑगस्टला सोव्हिएत संघाशी करार झाला, तोही याच तयारीचा भाग.

सूरज_माणदेश: हे सगळं शाळेत वाचलंय हो. पुलाचं सांगा. स्टार बघितला, 'पूर्वी स्टार'च आहे. मागे नंबर आणि नाव आहे, पण झिजलंय.

सुभेदार_निवृत्त: सूरज बाळा, आजोबा पलटणीचं नाव काय घ्यायचे? कितवी ते सोड, ते स्वतः कसं म्हणायचे?

सूरज_माणदेश: घरात सगळे जंगी पलटणच म्हणतात. त्यात काय?

सुभेदार_निवृत्त: अरे, हे पहिल्याच ओळीत लिहायचंस! जंगी पलटण म्हणजे १ मराठा. कर्नल कुलदीपसिंग ब्रार त्यांचे सीओ, म्हणजे पलटणीचे प्रमुख होते. ब्रह्मपुत्रा ओलांडून पलटण जमालपूरच्या मागे जाऊन बसली आणि ढाक्याचा रस्ता अडवला. आपल्या ब्रिगेडियर क्लेर यांनी जमालपुरातल्या पाकिस्तानी ३१ बलुच पलटणीच्या कर्नल सुलतान महमूदला शरण येण्याचं पत्र पाठवलं, त्याने उत्तराच्या कागदात गोळी गुंडाळून पाठवली. १० डिसेंबरच्या रात्री तो वेढा फोडून निघायला बघत होता, तेव्हा जंगीने त्यांना रस्त्यावरच गाठलं. ११ तारखेला टांगाइलजवळ २ पॅरा ही छत्रीवाल्यांची पलटण उतरली आणि पूंगली पूल घेतला. जमालपूरहून खाली आलेली १ मराठा त्यांना तिथे मिळाली. आता चुलत्यांना सांग, २ पॅरा ही मूळची ३ मराठा. पोरं बरीचशी आपल्याकडचीच. आजोबा खरंच बोलत होते.

दर्यावर्दी: टांगाइल म्हटलं की सगळे छत्र्याच मोजतात. तिथली जमीन कादर सिद्दिकींच्या मुक्तिवाहिनीच्या, म्हणजे तिथल्याच बंगाली स्वातंत्र्यसैनिकांच्या हातात होती, म्हणून उडी सुखरूप झाली. त्या मुलांचं नाव मजकुरात आलंच पाहिजे.

अभ्यासू_मनोज: मुक्तिवाहिनीला कोण नाकारतंय? पण ढाका पडलं ते वेगामुळे. पाकिस्तानी सेनापती नियाझींनी गावोगाव किल्ले केले होते, आपल्या फौजा त्यांना वळसा घालून पुढे गेल्या. तिकडे आपल्या जनरल सगतसिंगांनी मेघना नदी हेलिकॉप्टरने ओलांडली, ते इथे कुणीच लिहिलं नाही.

दर्यावर्दी: वळसा घालायच्या वाटा दाखवल्या कुणी? नावा कुणी आणल्या? शेतकऱ्यांनी आणि मुक्तिवाहिनीच्या पोरांनी. नुसत्या वेगाने त्या चिखलातून पन्नास पावलं जाता येत नाही.

सुभेदार_निवृत्त: दोघांनी वेगळा धागा काढा. या पोराला उद्या मजकूर द्यायचाय.

वैशाली_कराड: आजी आहेत का? त्यांची फॅमिली पेन्शन सुरू आहे ना? ईसीएचएसचं (माजी सैनिकांच्या उपचार योजनेचं) कार्ड नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. माझ्या सासूबाईंचं तिथूनच झालं.

सूरज_माणदेश: आजीची पेन्शन चालू आहे ताई. सुभेदार काका, चुलत्यांना तुमचं लिहिलेलं वाचून दाखवलं. ते म्हणतात, पलटण होती, पण दादा स्वतः त्या पुलावर होते कशावरून?

कृष्णाकाठ: प्रश्न बरोबर आहे त्यांचा. आजींची पेन्शन चालू आहे ना, मग पीपीओवर (पेन्शनच्या आदेशाच्या कागदावर) सैनिक नंबर असणारच. तो घेऊन बेळगावला मराठा रेकॉर्ड ऑफिसला अर्ज करा. रविवारपर्यंत उत्तर येणार नाही, पण अर्ज टाकाच.

सुभेदार_निवृत्त: तोवर असं छाप: "१ मराठा, जंगी पलटण. जमालपूर, टांगाइल, ढाका. पूर्वी स्टार." त्याखाली पुलाची गोष्ट त्यांच्याच शब्दांत, "आजोबा सांगत" असं लिहून. आणि रविवारी जंगीचं कुणी आलं तर त्यांना शेजारी बसवून विचार.

सूरज_माणदेश: पीपीओ मिळाला, नंबर आहे त्यावर. मजकूर असाच देतो. दर्यावर्दी, मुक्तिवाहिनीची ओळ घातली आहे.