नावेच्या डिझेल इंजिनाचा फिल्टर निघत नाही, मदत हवी आहे

पंचगंगाकाठ: आमच्या नावेवरील इंजिनाचा डिझेल फिल्टर इतका घट्ट बसला आहे की तो काही केल्या निघत नाही. साखळी पाना लावला तर डबा चेपला, पण जागचा हलला नाही. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेचे पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे सरकू लागले की गावाला नाव लागतेच, त्यामुळे 'मेकॅनिकला दाखवा' हे सोडून काय करता येईल ते कृपया लवकर सांगावे.

उद्यमनगरी: इंजिन कोणते, ते आपण लिहिलेले नाही. फिल्टरचा अख्खा डबा फिरवून काढायचा आहे, की आत काडतूस (बदलायची गाळणी) असलेली वाटी मधल्या बोल्टने आवळलेली आहे? दुसऱ्या प्रकारात डबा फिरवून काहीही साधणार नाही.

रंकाळेकर: एवढी चौकशी कशाला? लांब पेचकस डब्यातून आरपार ठोकावा आणि त्याचीच मूठ करून फिरवावे. आमच्या ट्रॅक्टरचे फिल्टर मी असेच काढतो.

उद्यमनगरी: पातळ पत्र्याचा डबा अशा वेळी टरटर फाटतो, वरची जाड चकती मात्र तशीच राहते. शिवाय ट्रॅक्टरचे डिझेल जमिनीवर सांडते, नावेचे तळाशी साचते आणि पाणी उपसताना थेट नदीत जाते.

पंचगंगाकाठ: दोन सिलिंडरचे डिझेल इंजिन आहे. अख्खा डबा फिरवून काढायचा प्रकार आहे, तो खाली लोंबतो आणि हात फक्त वरून पोहोचतो.

उद्यमनगरी: हेच आधी हवे होते. असा फिल्टर खालून पाहिल्यास घड्याळाच्या उलट दिशेने सुटतो, म्हणजे वरून पाहणाऱ्याला तो घड्याळाच्या दिशेने फिरवावा लागतो. आपण कोणत्या दिशेने जोर लावत आहात?

बोटवाला: आमच्या हवा भरायच्या बोटीला पेट्रोलचे टू-स्ट्रोक इंजिन आहे. त्यात ५० भाग पेट्रोलला १ भाग ऑइल घातले की फिल्टरची तक्रार राहत नाही.

पंचगंगाकाठ: इंजिन डिझेलचे आहे, हे शीर्षकातच लिहिले आहे. दिशा खालून आरसा धरून तपासली आहे, ती बरोबर आहे.

रंकाळेकर: मग बुडाला ब्लो लॅम्प दाखवावा. डिझेल काही पेट्रोलसारखे भडकत नाही.

उद्यमनगरी: तापलेल्या डिझेलची वाफ पेट घेते, तेव्हा उघडी ज्योत नकोच. फिल्टरचे डोके, म्हणजे फिल्टर ज्यात आवळतो तो वरचा पक्का भाग, ॲल्युमिनियमचे असेल, तर ते उष्णतेने पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. म्हणून इंजिन थोडे चालवून बंद करावे, डिझेलचा कॉक बंद करावा, डोक्याभोवती गरम पाण्यात पिळलेले फडके गुंडाळावे आणि कापडी पट्ट्याचा पाना डब्याच्या अगदी वरच्या काठाशी लावावा, कारण मधोमध डबा चेपतो आणि काठाशी पत्रा चकतीला जोडलेला असल्याने मजबूत असतो. झटके देऊ नयेत, एकसारखा ताण ठेवावा. तरीही हलला नाही तर डबा कापून चकतीच्या कडेला छिन्नीने सुटण्याच्या दिशेने हलके टोले द्यावेत, मात्र छिन्नी डोक्याच्या बसण्याच्या जागेला लागता कामा नये.

पंचगंगाकाठ: फडक्याच्या उपायाने निघाला, पण फिल्टरबरोबर मधला आट्यांचा पोकळ स्टडही बाहेर आला. आता नवा फिल्टर कशावर बसवायचा?

रंकाळेकर: नवे डोकेच आणावे.

उद्यमनगरी: त्याची गरज नाही. आटे शाबूत असतील तर स्टडवर दोन पातळ नट एकमेकांवर आवळून बाहेरच्या, म्हणजे डोक्यापासून लांबच्या नटाने तो डोक्यात परत बसवावा. जुन्या फिल्टरचा रबर डोक्याला चिकटून राहिला आहे का, तेही पाहावे. दोन रबर एकावर एक आले तर तिथून हवा खेचली जाते. नव्या रबराला डिझेलचा हात फिरवावा, रबर टेकल्यावर हातानेच साधारण पाऊण फेरा आवळावे आणि ब्लीड स्क्रू (आतली हवा बाहेर सोडायचा स्क्रू) सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत इंजिनावरचा डिझेलचा हातपंप मारावा.

पंचगंगाकाठ: या इंजिनाला हातपंप दिसत नाही.

उद्यमनगरी: फीड पंपाच्या, म्हणजे टाकीतून डिझेल खेचणाऱ्या पंपाच्या बाजूला छोटी दांडी असेल, ती हलवून पाहावी. पंपाचा फोटो टाकता येईल का?