भंडारा-गोंदियाच्या तलावांवर गळ टाकायला जायचे आहे, नियोजनाबाबत मार्गदर्शन हवे

कळवेकर (कळवा, ठाणे)

नमस्कार. माझे वडील अडुसष्ट वर्षांचे आहेत. ठाणे-बेलापूर मार्गावरील कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून गळ घेऊन पाण्याकाठी बसणे हा त्यांचा एकच छंद उरला आहे. ठाण्याला तलावांचे शहर म्हणतात खरे, परंतु येथील बहुतेक तलावांना आता कठडे, पदपथ आणि कारंजी आली आहेत आणि तरंड्याकडे (दोरीला बांधलेल्या, पाण्यावर तरंगणाऱ्या खुणेकडे) पाहत दोन तास निवांत बसावे अशी जागा शोधूनही सापडत नाही. त्यामुळे या वर्षी त्यांना खऱ्या अर्थाने तलावांच्या प्रदेशात, म्हणजे भंडारा आणि गोंदिया जिल्ह्यांत, घेऊन जावे असे मनात आहे.

सध्याचा बेत असा आहे. दिवाळीच्या सुट्टीत ठाण्याहून संध्याकाळी विदर्भ एक्सप्रेसने निघायचे, दुसऱ्या दिवशी दुपारी गोंदियाला उतरायचे, नवेगावबांधला मुक्काम करायचा आणि तीन दिवसांत नवेगावबांध, इटियाडोह, बोदलकसा व चोरखमारा असे चार तलाव करायचे. आमच्याकडे दोन घडीच्या काठ्या आणि साधी रिळे आहेत. कोणते मासे लागतील, आमिष कोणते न्यावे आणि एखादा परवाना काढावा लागतो का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

साकोलीचा पाहुणा (ऐरोली, नवी मुंबई)

माझे गाव साकोली तालुक्यातले असून गेली एकोणीस वर्षे मी ऐरोलीत राहतो. आपण परवान्याचा प्रश्न सर्वांत शेवटी विचारला आहे, पण माझ्या मते सगळे नियोजन तेथूनच सुरू व्हायला हवे, म्हणून त्याबद्दल जरा विस्ताराने लिहितो.

आमच्याकडचे बहुतेक तलाव निसर्गाने दिलेले नाहीत. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाने भातशेतीसाठी मातीची पाळ म्हणजे बांध घालून ते बांधले, पुढे ते मालगुजारांकडे, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांकडे, होते आणि १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपल्यावर सरकारकडे आले. म्हणून त्यांना आजही माजी मालगुजारी किंवा थोडक्यात ‘मामा तलाव’ म्हणतात. यांपैकी बऱ्याच तलावांतल्या मासेमारीचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो आणि संस्थेचे सभासद प्रामुख्याने ढिवर समाजाचे असतात. रोहू, कटला आणि मृगळ हे वाहत्या पाण्याचे मासे असल्याने साचलेल्या तलावात त्यांची आपसूक पैदास होत नाही. त्यांचे बीज किंवा बोटुकली (बोटाएवढी पिले) विकत आणून पावसाळ्यात पाण्यात सोडावी लागते. म्हणजे आपल्या गळाला लागणारा दोन किलोचा रोहू हा कोणीतरी पैसे घालून पेरलेला असतो. विचारल्याशिवाय तेथे गळ टाकणे आणि दुसऱ्याच्या वांग्याच्या शेतात पिशवी घेऊन शिरणे यांत गावाच्या दृष्टीने फारसा फरक नाही. मुंबईकडची मंडळी गाडीतून उतरून थेट पाळीवर काठ्या उभ्या करतात आणि मग वाद झाला की गावकरी उद्धट असल्याचे सांगत फिरतात, हे मी स्वतः पाहिले आहे.

तेव्हा तिकीट काढण्याआधी एखाद्या संस्थेच्या अध्यक्षांशी किंवा सचिवांशी दूरध्वनीवर बोलावे. त्यांची नावे ग्रामपंचायतीत किंवा जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात मिळू शकतात. लागलेला मासा सोडून देणार की ठेवणार, आणि ठेवल्यास किलोला काय दर द्यायचा, हे त्याच वेळी ठरवून घ्यावे.

आता तुमच्या यादीविषयी. नवेगावबांधचा परिसर राष्ट्रीय उद्यानाला लागून आहे आणि चोरखमारा व बोदलकसा नागझिऱ्याच्या जंगलाजवळ आहेत. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प २०१३ मध्ये झाला. राष्ट्रीय उद्यान किंवा अभयारण्याच्या हद्दीतील पाण्यात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे गळ टाकता येत नाही आणि ती हद्द पाण्यावर रेघ मारून दाखवलेली नसते. म्हणून ही ठिकाणे पक्षी पाहण्यासाठी ठेवावीत आणि गळासाठी अर्जुनी मोरगाव किंवा साकोली तालुक्यातील, जंगलाबाहेरचा, संस्थेकडे असलेला एखादा मध्यम तलाव निवडावा. इटियाडोह हे गाढवी नदीवरचे मोठे धरण आहे. तेथे नवख्या माणसाला मासा कोठे आहे हे कळायलाच दोन दिवस जातात.

दिवाळीचा बेतही मला पटत नाही. त्या वेळी तलाव काठोकाठ भरलेले असतात, मासा सगळीकडे विखुरलेला असतो, आणि गाव धानकापणीत गुंतलेले असल्याने तुम्हाला वेळ द्यायला कोणी मोकळे नसते. डिसेंबर-जानेवारीत पाणी इतके गार पडते की रोहू आमिषाकडे ढुंकूनही पाहत नाही. फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंतचा काळ उत्तम, कारण पाणी उतरलेले आणि कोमट झालेले असते आणि उन्हाचा खरा तडाखा अजून सुरू झालेला नसतो. फक्त महाशिवरात्रीचे दिवस टाळावेत. इटियाडोहजवळ प्रतापगडला मोठी यात्रा भरते आणि त्या भागात वाहन व खोली मिळणे कठीण होते.

घोडबंदरचा गळवाला (ठाणे पश्चिम)

वरील माहिती मोलाची आहे, पण वडिलांचे वय पाहता इतक्या दूर जाण्याची खरोखरच गरज आहे का, याचाही विचार व्हावा. लोणावळा आणि मावळचा पट्टा हाही तलावांचाच प्रदेश आहे आणि कळव्याहून पवना धरणाच्या काठी सकाळच्या न्याहारीपर्यंत पोहोचता येते. वळवणला टाटांचे महसीर माशाचे संवर्धन केंद्र आहे. महसीर मात्र लागला तरी सोडूनच द्यावा. मोरबे, तानसा, मोडकसागर या तलावांचा विचार मनातून काढून टाकावा, कारण ती पिण्याच्या पाण्याची धरणे आहेत आणि सुरक्षारक्षकाशी हुज्जत घालण्यात सुट्टीचा दिवस वाया जातो.

जुना तरंडा (वाशी, नवी मुंबई)

जवळ जावे की दूर, हे कळवेकरांनी ठरवावे. मी फक्त साहित्याबद्दल लिहितो, कारण प्रश्नातला तो भाग तसाच राहिला आहे.

कटल्याचे तोंड वर वळलेले असते आणि तो वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या थरात असतो, तर मृगळ तळाशी चिखल उकरतो. त्यामुळे एकाच आमिषाने तिन्ही मासे मिळवायचे असतील, तर तरंड्याची उंची दर अर्ध्या तासाने बदलण्याची तयारी हवी. शेंगदाण्याची पेंड रात्रभर भिजवून, भाजलेले बेसन आणि कणीक घालून मळलेला गोळा मला सर्वांत भरवशाचा वाटतो. तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) ०.३० ते ०.३५ मिलिमीटर जाडीचा पुरे होतो. मातीच्या तलावात पाळीच्या बाजूला पाणी खोल असते आणि समोरचा काठ उथळ, कमळांनी भरलेला असतो. कटला-रोहूसाठी पाळीकडे बसावे आणि मरळ हवी असेल तर कमळांच्या कडेने रबरी बेडूक फिरवावा. मरळ श्वास घ्यायला पाण्यावर येते, तेव्हा उठणारा बुडबुडा एकदा ओळखता आला की गळ कोठे टाकावा हे विचारावे लागत नाही. मात्र तिच्यासाठी विणलेली जाड दोरीच हवी, कारण ती लागताक्षणी वनस्पतींच्या मुळांत घुसते आणि साधा तंगूस तेथे तुटतो. पावसाळ्यात लालसर पिलांचा पुंजका पाण्यावर दिसला तर त्याखाली आईबाप राखण करत असतात. तेथे गळ टाकू नये. तुम्ही मार्चमध्ये गेलात तर हा प्रसंग येणार नाही, तरी सांगून ठेवतो.

तुटलेला तंगूस खिशात घालून परत आणावा. पाणपक्ष्यांच्या पायांत तो अडकला की सुटत नाही, आणि गोंदियात तर सारस आहेत. वडिलांसाठी पाठ टेकायची घडीची खुर्ची आणि रुंद काठाची टोपी विसरू नये. पाळीवर सावली क्वचितच असते.

कळवेकर (कळवा, ठाणे)

सर्वांचे मनापासून आभार. घोडबंदरच्या मित्रांची सूचना बाबांना वाचून दाखवली, त्यावर ते म्हणाले की पवनेला ते माझ्याशिवायही जाऊ शकतात. त्यामुळे भंडाऱ्याचाच बेत कायम आहे, फक्त दिवाळीऐवजी मार्चचा पहिला आठवडा आणि चार तलावांऐवजी एकच तलाव. साकोलीच्या पाहुण्यांना एवढेच विचारायचे आहे की गोंदियाला उतरण्याऐवजी आणखी सोयीचे स्थानक आहे का, आणि संस्थेला पैसे आधी द्यावेत की नंतर?

साकोलीचा पाहुणा (ऐरोली, नवी मुंबई)

साकोलीकडे येणार असाल तर गोंदियाला बल्लारशाकडे जाणारी गाडी पकडून सौंदडला उतरावे. वेळ जुळत नसेल तर भंडारा रोडला उतरून राष्ट्रीय महामार्गाने साकोलीला यावे. पैसे पहिला गळ टाकण्याआधी द्यावेत आणि पावती घ्यावी, म्हणजे पाळीवरून जाणाऱ्या प्रत्येकाला नव्याने खुलासा करावा लागत नाही. शक्य असल्यास एका सकाळी संस्थेच्या एखाद्या जुन्या सभासदाला मजुरी देऊन सोबत बसवावे. तलावाचा तळ कोठे खोल आहे हे त्याला पाठ असते, आणि वडिलांना गप्पांनाही सोबत होईल. मी स्वतः फेब्रुवारीच्या शेवटी गावी जाणार आहे, तारीख ठरली की येथेच लिहितो.