मदत हवी आहे: ऑडिटचे नियम ठरवताना कुणाचं किती चाललं हे दाखवायचं कसं?

नमस्कार मंडळी, प्रोजेक्टसाठी अमेरिकेतल्या ऑडिट स्टँडर्ड्सचा विषय घेतलाय आणि एका ठिकाणी पार अडकलोय. एन्रॉन या कंपनीच्या हिशेब-घोटाळ्यानंतर २००२ च्या सार्बेन्स-ऑक्सली कायद्याने लिस्टेड कंपन्यांच्या ऑडिटचे नियम बनवायचं काम ऑडिटरांच्या स्वतःच्या संघटनेकडून काढून पीसीएओबी या वेगळ्या देखरेख मंडळाकडे दिलं, म्हणजे ज्यांना नियम पाळायचेत त्यांनीच ते लिहू नयेत. मग २०११ मध्ये पीसीएओबीने विचारलं की ठराविक वर्षांनी ऑडिट फर्म बदलायची सक्ती करावी का, तर ६०० च्या वर पत्रं आली, बहुतेक विरोधातच, २०१३ ला अमेरिकी संसदेच्या प्रतिनिधीगृहाने अशी सक्ती करायलाच बंदी घालणारं बिल ३२१ विरुद्ध ६२ ने पास केलं (पुढे त्याचा कायदा झाला नाही) आणि २०१४ पर्यंत विषय गुंडाळला गेला. त्याच वर्षी युरोपियन युनियनने मात्र १० वर्षांची मर्यादा आणली.

गाईड म्हणतात नुसती पत्रं मोजून दबाव सिद्ध होत नाही. पटतं मला, कारण नवीन ऑडिटरला कंपनी समजायला वेळ लागतो हा आक्षेप काही खोटा नाही. पण ज्यांचे पैसे शेअर्समध्ये आहेत ते छोटे गुंतवणूकदार असली पत्रं लिहायला बसतच नाहीत, मग त्यांचं मत मोजणार कुठून? हे फार खटकतंय. जाणकाराचा सल्ला कुठला आणि हितसंबंधाचा दबाव कुठला, हे वेगळं काढायची काही पद्धत आहे का?

प्रतिसाद:
रोटेशन (म्हणजे ऑडिट फर्म बदलायची सक्ती) सोडा, त्यात नियमाचा मसुदाच निघाला नव्हता, तुलना कशाशी करणार? पार्टनरच्या, म्हणजे फर्ममधल्या ज्याच्यावर त्या ऑडिटची जबाबदारी असते त्याच्या, नावाची केस घ्या. २००९ ला विचार होता की पार्टनरने ऑडिट रिपोर्टवर स्वतः सही करावी, २०११ च्या प्रस्तावात सहीऐवजी नुसतं नाव आलं, आणि डिसेंबर २०१५ ला फायनल झालं तेव्हा रिपोर्टमध्ये नाव द्यायची सक्तीही गेली, ते पीसीएओबीकडे द्यायच्या वेगळ्या 'फॉर्म एपी'मध्ये भरायचं ठरलं. फर्म्सचं म्हणणं होतं की रिपोर्टमध्ये नाव आलं की पार्टनरवर कोर्टकचेरीची जोखीम वाढते. तर प्रत्येक टप्प्याचा मजकूर शेजारी शेजारी ठेवा, कुठला बदल कुणाच्या पत्रानंतर झाला ते बघा, आणि पीसीएओबीने स्वतः त्याचं काय कारण दिलंय तेही. गुंतवणूकदारांच्या बाजूची पत्रंही आहेत त्यात, ती आधी वाचा आणि त्यांची कुठली मागणी शेवटपर्यंत टिकली ते शोधा.