मोडकळीला आलेले जुने खंड घरी द्यावेत का?

नारायणपेठकर:
आई ८४ वर्षांची आहे. 'स्त्री' मासिकाच्या १९६१च्या एका अंकात तिचं पत्र छापून आलं होतं. घरचा अंक त्याच वर्षी १२ जुलैला पानशेतच्या पुरात गेला. परवा एका ग्रंथालयात त्या वर्षाचा बांधीव खंड सापडला, पण उत्तर मिळालं, "इथेच बसून वाचा." आईला दोन जिने चढवत नाहीत. चाळीस वर्षं वर्गणी भरतोय, म्हणतील ती अनामत ठेवतो. वाचकाच्या हाती द्यायचंच नसेल तर जपता कोणासाठी?

कागदवाला:
मी पुस्तकबांधणी करतो. देऊ नये, असंच माझं मत. मासिकांचा तो कागद लाकडाच्या लगद्याचा, त्यात तुरटी. आम्ल तयार होतं आणि कागदाचे तंतूच तोडतं. कोपरा दोनदा पुढेमागे दुमडला की तुकडा हातात येतो. शिवणीत आतला समास गेलेला असतो, खंड सपाट उघडत नाही. वाचणारा तळहाताने दाबतो आणि पान मुळाशी चिरतं. मग घरी प्रेमाने सेलोटेप लावतात! काही वर्षांत त्याचा गोंद तपकिरी होऊन अक्षरांत उतरतो. नुसतं फाटलेलं पान मी जपानी कागद आणि खळीने जोडतो, टेपने नासलेल्याचं काय करू? अनामतीच्या पैशात १९६१चा अंक कुठून आणायचा?

मुळाक्षर:
कागदाचं पटलं, धोरणाचं नाही. आम्ल बंद कपाटातही थांबत नाही. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२नुसार बिगर-व्यावसायिक सार्वजनिक ग्रंथालयाला आपल्याकडच्या छापील प्रतीची जतनासाठी डिजिटल प्रत करून ठेवता येते. आधी ती करा, मग खुशाल नाही म्हणा.

कागदवाला:
करा, पण वरून कॅमेऱ्याने. झेरॉक्सच्या काचेवर खंड पालथा दाबला की कणा मोडलाच.

नारायणपेठकर:
परवा मीही तळहात ठेवूनच पान बघत होतो. उठलो तेव्हा टेबलावर पिवळा चुरा पडला होता. घरी मागणार नाही आता. पण फोटोवर आईचं समाधान व्हायचं नाही, तिला तो अंक डोळ्यांसमोर हवाय. उद्या ग्रंथपालांना विचारतो: तळमजल्यावर एक टेबल, अर्धा तास, पानं त्यांच्याच माणसाने उलटायची. आईला रिक्षाने मी आणतो.

कागदवाला:
याला माझी ना नाही. खंडाच्या दोन्ही बाजूंना टॉवेलची घडी ठेवायला सांगा, म्हणजे तो पुरता उघडावा लागणार नाही.