वाशिष्ठी खोऱ्यात शेतातून आणि शहरातून वाहून येणारे प्रदूषण : सुरुवात कोठून करावी?

प्रश्न : कोथरूडचा_चिपळूणकर

मी पुण्यात कोथरूडला राहतो. आमची वडिलोपार्जित भातखाचरे आणि थोडी आंबा-काजूची बाग चिपळूणच्या खालच्या अंगाला, वाशिष्ठी नदीला मिळणाऱ्या एका पऱ्याच्या (लहान ओढ्याच्या) काठी आहे. मे महिन्यात गावी जाणारे आम्ही पुण्या-मुंबईचे लोक आणि गावात कायम राहणारी मंडळी यांची बैठक होणार असून, नदीच्या पाण्यासाठी गावाने स्वतः काय करावे, हा तिचा विषय आहे.

नदी बिघडली की बोट लगेच लोटे परशुरामच्या कारखान्यांकडे जाते आणि त्यात काहीच तथ्य नाही, असे मी म्हणणार नाही. परंतु कारखान्याचे पाणी निदान एखाद्या नळातून बाहेर पडते. त्याला परवाना असतो, तपासणी असते आणि जाब विचारायला कोणीतरी असते. शेतातून, गोठ्यामागून, रस्त्यावरून आणि बाजारपेठेच्या गटारातून पावसाबरोबर जे येते, त्याला ना नळ ना मालक. जाणकारांनी कृपया सांगावे की खत, माती, गटारे आणि शौचालयांच्या टाक्या यांपैकी पहिला हात कशाला घालावा? मनुष्यबळ थोडे आहे आणि ग्रामपंचायतीकडे पैसा त्याहून थोडा. पुण्यातील ओढ्यांच्या अनुभवाचा येथे काही उपयोग होईल का, हेही कळल्यास बरे होईल.

उत्तर १ : माती_आणि_पाणी

कृषी विस्ताराच्या कामात माझी बरीच वर्षे गेली, त्या आधारावर लिहितो. आपल्या खोऱ्यात सर्वप्रथम माती थांबवावी, त्यानंतर खताची वेळ सांभाळावी. खताचे प्रमाण कमी करण्याचा मुद्दा त्याच्याही नंतर येतो.

याचे कारण आकड्यांत दिसते. आपल्या पुणे जिल्ह्यात आडसाली उसासाठी हेक्टरी ४०० किलो नत्र, १७० किलो स्फुरद आणि १७० किलो पालाश अशी शिफारस आहे, तर कोकणातील सुधारित भातासाठी ती १००:५०:५० इतकीच आहे. आडसाली ऊस शेतात दीड वर्षाच्या आसपास उभा असतो हे धरले, तरी दौंड-इंदापूरच्या पट्ट्यातून उजनी धरणाकडे जाणारा खतांचा भार आणि भातखाचरांतून वाशिष्ठीत जाणारा भार यांची तुलना होऊ शकत नाही. त्यामुळे उजनीच्या संदर्भात वाचलेले उपाय कोकणात जसेच्या तसे नेऊ नयेत. मात्र चिपळूण परिसरात वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक चार महिन्यांतच कोसळतो. त्यामुळे टाकलेले खत थोडे असले, तरी त्यातील वाहून जाणारा हिस्सा मोठा असतो.

नत्र आणि स्फुरद नदीत जाण्याच्या वाटा वेगळ्या आहेत, हे बैठकीत आवर्जून सांगावे. नायट्रेटच्या रूपातील नत्र पाण्यात विरघळून निघून जाते. स्फुरद मात्र जांभ्या मातीतील लोह आणि ॲल्युमिनियमच्या संयुगांना घट्ट चिकटून बसतो, म्हणजेच माती वाहिली तरच तो मोठ्या प्रमाणात वाहतो. म्हणून पऱ्याच्या दोन्ही काठांवर गवताचा आणि झुडपांचा पट्टा राखणे, वरकस (डोंगरउताराच्या हलक्या) जमिनीवर उताराला आडवे बांध घालणे आणि कलमांच्या खालच्या बाजूला अर्धचंद्राकृती बांध देणे, ही कामे केवळ मृदसंधारणाची नसून पाणी स्वच्छ ठेवण्याचीही आहेत. २०२१ च्या जुलैतील महापुरानंतर वाशिष्ठीतील गाळ काढण्यावर पुष्कळ भर दिला गेला. परंतु डोंगरकापणी आणि उघडी पडलेली उताराची जमीन तशीच राहिली, तर काढलेल्या गाळाची जागा पुन्हा भरणार, हे उघड आहे.

भातासाठी चारसूत्री पद्धत आपल्याकडे जुनीच आहे. तिच्यातील युरिया-डीएपीच्या गोळ्या मला आपल्या कामासाठी सर्वांत उपयुक्त वाटतात. रोपे १५ आणि २५ सेंटिमीटर अशा आलटून पालटून अंतरावर लावतात आणि जवळच्या चार चुडांच्या (एकत्र लावलेल्या रोपांच्या झुबक्यांच्या) मधोमध २.७ ग्रॅमची एक गोळी चिखलात ७ ते १० सेंटिमीटर खोल खोचतात. हेक्टरी साधारण ६२,५०० गोळ्या म्हणजे सुमारे १७० किलो खत लागते. खत चिखलाच्या आत असल्यामुळे खाचर भरून वाहिले, तरी वरच्या पाण्याबरोबर ते सहजासहजी जात नाही. याच पद्धतीत गिरिपुष्पाचा (ग्लिरिसिडियाचा) पाला खाचरात गाडणे हेही एक सूत्र आहे. बांधावर गिरिपुष्प असेल, तर बांधाची मातीही धरली जाते.

आंब्याला पावसाच्या तोंडावर खत देताना ते झाडाच्या विस्ताराखाली चर काढून द्यावे आणि चर मातीने बुजवून वर पालापाचोळा टाकावा. उघड्यावर फेकलेले खत पहिल्याच मोठ्या सरीत पऱ्यात जाते.

उत्तर २ : खाचरवाला

चारसूत्रीचे गुण मान्य आहेत, परंतु ६२,५०० गोळ्या हाताने खोचायला लावणीच्या दिवसांत मजूर आणायचे कोठून? अमेरिकेत चेसापीक उपसागरासाठी २०१० मध्ये नत्र, स्फुरद आणि गाळ यांच्या मर्यादा ठरवल्या गेल्या. तेथेही सांडपाणी केंद्रांनी प्रदूषण कमी करण्याचा आपला वाटा मुदतीआधी पूर्ण केला आणि शेतीचा वाटा मागे रेंगाळला. शेतकरी बेफिकीर असतात असे नाही. असे उपाय हजारो बांधांवर वेगवेगळ्या माणसांना दरवर्षी करावे लागतात.

उत्तर ३ : माती_आणि_पाणी

आक्षेप रास्त आहे. म्हणूनच पऱ्याला लागून असलेल्या खाचरांपुरत्याच गोळ्या वापराव्यात. इतर ठिकाणी नत्र लावणीवेळी ४० टक्के, फुटव्यांच्या वेळी ४० टक्के आणि लोंबी धरण्याच्या वेळी २० टक्के असे विभागून द्यावे. खत देण्याआधी खाचरातील पाणी कमी करावे आणि दिल्यानंतर काही दिवस बांधाचे तोंड बंद ठेवावे. मुसळधार पावसाचा इशारा असेल, तर खताची गोणी फोडूच नये. याला मजूर लागत नाहीत.

उत्तर ४ : सहकारनगर_स्थापत्य

पुण्याच्या अनुभवाबद्दल विचारले आहे, म्हणून लिहितो. येथे मुळा-मुठेसाठी जपानी अर्थसाहाय्याच्या प्रकल्पात एकूण ३९६ दशलक्ष लिटर प्रतिदिन क्षमतेची ११ मैलापाणी शुद्धीकरण केंद्रे योजली गेली. केंद्रे आवश्यक आहेत, याबद्दल वाद नाही. परंतु जे पाणी मैलावाहिनीत शिरतच नाही, त्याला केंद्राचा काय उपयोग? आंबिल ओढा, नागझरी, रामनदी यांत पावसाबरोबर येणारे रस्त्यावरील तेल, टायरची झीज, बांधकामाची माती आणि कचरा थेट नदीत जातो. पावसाळी गटारात कोणी चोरून मैलावाहिनी जोडली असेल, तर तीही त्याच वाटेने जाते.

दुसरी गोष्ट पहिल्या पावसाची. आठ महिने रस्त्यांवर साठलेली घाण पहिल्या काही सरींत धुऊन निघते आणि नदीत तेव्हा पाणी कमी असल्यामुळे तिचा परिणाम तीव्र असतो. त्यामुळे नालेसफाई मेअखेर संपली पाहिजे आणि काढलेला गाळ त्याच दिवशी उचलला गेला पाहिजे. आपल्याकडे तो गटाराच्या काठावरच वाळत ठेवण्याची प्रथा आहे, आणि तो पहिल्या पावसात पुन्हा गटारात जातो. या कामाला काय म्हणावे, ते सुज्ञांनी ठरवावे.

गावाच्या दृष्टीने मात्र मी शौचालयांच्या टाक्यांना सर्वांत वरचे स्थान देईन. कोकणातील बहुतेक गावांत भुयारी गटार नाही. पावसाळ्यात जमीन पाण्याने भरलेली असल्यामुळे शोषखड्डा पाणी घेत नाही आणि टाकीचे वरचे पाणी उघड्या गटारात किंवा पऱ्यात जाते. टाक्या दोन-तीन वर्षांनी एकदा, तेही एप्रिल-मेमध्ये, उपसून घ्याव्यात आणि तो मैला रानात किंवा नदीकाठी न ओतता प्रक्रिया केंद्रावरच जाईल, याची खात्री करावी. न्हाणीचे पाणी अळू, केळी आणि माडांना देण्याची कोकणातील जुनी रीत उत्तम आहे. ती मोडून ते पाणी सिमेंटच्या गटारात सोडण्याला सुधारणा समजू नये.

उत्तर ५ : भरती_ओहोटी

वरील सर्व उपायांचा परिणाम मोजायचा असेल, तर वाशिष्ठीची दोन वैशिष्ट्ये लक्षात ठेवावी लागतील. एक म्हणजे भरतीचे पाणी खाडीतून चिपळूणजवळ गोवळकोटपर्यंत चढते, त्यामुळे खाली गेलेले पाणी काही तासांनी परत वर येऊ शकते. दुसरे म्हणजे कोयनेच्या वीजगृहांतून सोडलेले अवजल वाशिष्ठीत येते. कोयनेचे पाणी असे पश्चिमेकडे वळवण्याची कृष्णा पाणीतंटा लवादाने ठरवलेली मर्यादा वर्षाला ६७.५ टीएमसी (अब्ज घनफूट) आहे. वीजनिर्मिती चालू असताना नमुना घेतला, तर नदी स्वच्छ भासते. ती बंद असताना त्याच जागी वेगळेच उत्तर मिळते.

म्हणून मुख्य नदीत मोजण्याऐवजी आपल्या पऱ्यातच, भरती पोहोचत नाही अशा दोन जागी मोजावे : एक वस्तीच्या वर आणि एक वस्ती व शेती यांच्या खाली. एक मीटर लांबीची पारदर्शक नळी, तिच्या तळाला काळी-पांढरी चकती, आणि ती चकती दिसू लागेपर्यंत पाणी कमी करत जाणे, एवढ्यावर गढूळपणा मोजता येतो. हे काम शाळेतील मुलेही नीट करतात. काठावरच्या विहिरींत नायट्रेट तपासून घ्यावे. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. नोंदवहीत तारीख आणि वेळेबरोबर आदल्या दिवशीचा पाऊसही लिहावा, नाहीतर दोन वर्षांच्या आकड्यांची तुलना करता येणार नाही.

प्रश्नकर्ता : कोथरूडचा_चिपळूणकर

सर्वांचे आभार. बैठकीपुढे टाक्यांचा उपसा आणि पऱ्याच्या काठचा पट्टा हे दोनच विषय आधी ठेवतो. गोळ्यांचा प्रयोग आमच्याच काठच्या खाचरांत करू. मैला कोठे न्यायचा, याची चौकशी मात्र नगरपरिषदेत बैठकीआधीच करावी लागेल, कारण त्याचे उत्तर नसेल तर टाक्या उपसण्याचा ठराव करण्यात अर्थ नाही.