मरणाऱ्या पेशींची विल्हेवाट आणि ल्युपस: नेमका संबंध काय?

शोधक:
माझ्या धाकट्या बहिणीला ल्युपस असल्याचे निदान झाले आहे. मेलेल्या पेशी शरीरात वेळेवर उचलल्या न जाणे हे या आजारामागच्या कारणांपैकी एक असते, असे तिच्या डॉक्टरांनी आम्हाला सांगितले. मेलेली पेशी आपोआप विरघळून जात असेल, अशी माझी समजूत होती. ही विल्हेवाट नेमकी कोण लावते, आणि ती रखडली तर प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच शरीरावर का उलटते? शिवाय उपवास केल्याने मृत पेशींची सफाई होते, असे अनेक जण तिला सुचवत आहेत. त्यात कितपत तथ्य आहे?

सूक्ष्मदर्शी:
डॉक्टरांचे म्हणणे बरोबर आहे. प्रौढ माणसाच्या शरीरात दर सेकंदाला दहा लाखांहून अधिक पेशी संपतात. एकट्या तांबड्या पेशीच, सुमारे १२० दिवसांचे आयुष्य पूर्ण करून, सेकंदाला वीस लाखांच्या आसपास निकालात निघतात. तरीही निरोगी ऊतीचा काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर मृत पेशी क्वचितच आढळते, कारण ती फुटण्यापूर्वीच गिळली जाते.

केर, वायली आणि करी यांनी १९७२ साली ज्या शिस्तबद्ध पेशीमृत्यूला ॲपॉप्टोसिस हे नाव दिले, त्यात पेशी आक्रसते आणि केंद्रकातील डीएनएचे तुकडे होतात, पण बाहेरचे पटल काही काळ शाबूत राहते. या अवधीत ती एटीपीसारखे रेणू सोडून मॅक्रोफेज या गिळणाऱ्या प्रतिकारपेशींना जवळ बोलावते, आणि एरवी पटलाच्या आतल्या थरात राखलेले फॉस्फॅटिडिलसेरीन हे मेदद्रव्य बाहेरच्या थरावर आणते. मॅक्रोफेजवरील काही ग्राहक रेणू ते थेट ओळखतात. मर्टीकेसारखे काही ग्राहक मात्र गॅस६ आणि प्रोटीन एस या मधल्या दुव्यांमार्फत ओळखतात. माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट त्यानंतर घडते. जंतू गिळल्यावर दाह भडकवणारे तेच मॅक्रोफेज मृत पेशी गिळल्यावर आयएल-१० आणि टीजीएफ-बीटा ही दाह शमवणारी द्रव्ये सोडते.

हे काम रेंगाळले, की पटल फाटते आणि केंद्रकातील डीएनए व प्रथिने उघडी पडतात. प्रतिकारयंत्रणा त्यांना धोका समजते आणि त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होऊ शकतात; ल्युपसच्या रक्ततपासणीत शोधली जाणारी डीएनएविरोधी प्रतिपिंडे ती हीच. यातला सर्वांत ठोस पुरावा सी१क्यू या प्रथिनाचा आहे. ते मृत पेशींना चिकटून त्यांना गिळणे सोपे करते, आणि ज्या मोजक्या व्यक्तींमध्ये ते जन्मतःच नसते, त्यांच्यापैकी बहुतेकांना ल्युपस किंवा त्यासारखा आजार होतो. अर्थात तुमच्या बहिणीत हाच दोष असेल असे समजू नये. बहुतेक रुग्णांत अनेक जनुके, संप्रेरके आणि बाहेरची कारणे एकत्र आलेली असतात.

दीपस्तंभ:
हाच बिघाड रोहिणीकाठिण्यातही, म्हणजे रोहिणीच्या भिंतीत मेदाचा थर साचण्याच्या आजारातही, दिसतो. रोहिणीच्या भिंतीत कोलेस्टेरॉल गिळून फुगलेले मॅक्रोफेज मरतात आणि सुरुवातीला शेजारचे मॅक्रोफेज त्यांना उचलतात. पुढे थर वाढतो तसा मर्टीके ग्राहक पेशीवरून कापला जाऊ लागतो, आणि मरणाऱ्या पेशींवर ‘गिळू नका’ असा संकेत देणारे सीडी४७ टिकून राहते. न उचललेल्या पेशींचा मऊ गाभा साचतो, त्यावरचे आवरण पातळ होते, आणि ते फाटले तर गुठळी होऊन हृदयविकाराचा झटका येऊ शकतो. डोळ्यातही दृष्टिपटलातील प्रकाशग्राही पेशींची टोके रोज झडतात. मर्टीकेच्या जनुकात दोष असल्यास ती गिळली जात नाहीत आणि रेटिनायटिस पिग्मेंटोसा हा दृष्टी हळूहळू घालवणारा आजार होऊ शकतो.

शोधक:
आपण दोघांनीही सविस्तर लिहिलेत, मनापासून आभार. मग गिळण्याची ही क्षमता औषधाने वाढवता येणार नाही का?

दीपस्तंभ:
प्रयत्न झाले आहेत, पण वाट अवघड आहे. सीडी४७ झाकणारे मॅग्रोलिमॅब हे औषध कर्करोगाच्या पेशी गिळल्या जाव्यात म्हणून तयार करण्यात आले. परंतु तांबड्या पेशींवरही सीडी४७ असते, त्यामुळे रुग्णांना रक्तक्षय होत असे, आणि अपेक्षित लाभ न दिसल्याने रक्ताच्या कर्करोगांवरील मोठ्या चाचण्या २०२४ पर्यंत थांबवण्यात आल्या. शिवाय गाठीतील मृत पेशी मुकाट्याने उचलल्या गेल्या, तर दाह शमल्यामुळे कर्करोगाचेच फावते. त्यामुळे ही क्षमता सरसकट वाढवणे हिताचे ठरेल असे मला वाटत नाही.

सूक्ष्मदर्शी:
उपवासाचा प्रश्न राहिला. उपवासाशी जोडली जाते ती ऑटोफॅजी, जिच्या यंत्रणेवरील कामासाठी योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चे नोबेल मिळाले. त्यात जिवंत पेशी स्वतःच्या आतील जीर्ण भाग मोडून वापरते. दुसऱ्या मेलेल्या पेशीला गिळणे ही वेगळी क्रिया आहे. स्टेरॉइड चालू असताना तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय लांबलचक उपवास करूच नये.

तिच्या हातात असलेली गोष्ट उन्हापासून जपण्याची आहे. अतिनील किरणांमुळे त्वचेतील पेशी मोठ्या संख्येने मरतात आणि आधीच मागे पडलेल्या यंत्रणेवर भार वाढतो. तिला हायड्रॉक्सीक्लोरोक्विन हे ल्युपसवरील औषध दिले असल्यास बरे वाटू लागल्यावरही ते स्वतःहून बंद करू नये. केंद्रकातील डीएनए व आरएनए ओळखून दाह पेटवणाऱ्या पेशीतील ग्राहकांना ते औषध आवर घालते, म्हणजे उचलायचे राहून गेलेल्या अवशेषांमुळे होणारी हानी ते कमी करते.